चूक दाखवावी कशी?

दुसऱ्याची चूक काढणे सोपे आहे. पण ती त्याच्या उपयोगी पडेल अशी दाखवावी कशी, हा धर्माचा प्रश्न आहे. याला एक चांगला दृष्टांत संगणकशास्त्रात सापडतो.

प्रोग्रॅम लिहिणारा त्यातल्या प्रत्येक चलराशीला, म्हणजे किंमत साठवण्याच्या कोठीला, नाव देतो. नावात मोकळी जागा चालत नाही. म्हणून नाव दोन शब्दांचे असले, की कोणी मध्ये तळाशी आडवी रेघ घालतो, कोणी दुसरा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू करतो. पायथन आणि रस्ट या भाषांत चलराशींसाठी पहिली रीत शिष्टसंमत. आता नाव ठेवले एका रीतीने आणि हाक मारली दुसऱ्या रीतीने, तर यंत्र म्हणते, 'या नावाचे इथे कोणी नाही.' पूर्वी पायथन एवढे बोलून गप्प बसे. २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून ते पुढे विचारते, 'तुम्हाला अमुक नाव म्हणायचे होते काय?' किती अक्षरे बदलली म्हणजे दोन नावे जुळतील, हे मोजून ते जवळचे नाव सुचवते.

कोणी म्हणेल, एवढे कळते तर यंत्राने स्वतःच का दुरुस्त करू नये? मर्म इथेच आहे. यंत्राला अक्षरांचे साम्य दिसते, लिहिणाऱ्याचा हेतू दिसत नाही. जवळचे नाव भलत्याच राशीचे असू शकते. न विचारता बदलले तर चूक झाकली जाईल, नाहीशी होणार नाही.

दुसरेही तारतम्य पाहा. रस्टमध्ये नाव ठेवतानाच रीत मोडली, पण पुढे सगळीकडे तेच लिहिले, तर प्रोग्रॅम चालतो. यंत्र फक्त इशारा देते आणि रीतीचे नाव लिहून दाखवते. संकेत मोडणे वेगळे आणि अर्थ बिघडणे वेगळे. पतंजलींनी महाभाष्यात हाच विवेक केला आहे. 'गावी', 'गोणी' अशा अपभ्रंशांनीही गाईचाच बोध होतो; तरी 'गौः' म्हणण्याचा नियम आहेच.

आपण मात्र मुलाने ऱ्हस्वदीर्घ चुकवले की त्याची अक्कल काढतो, नाहीतर वही ओढून स्वतःच खोडून लिहितो. एकाने पोर खचते, दुसऱ्याने शिकत नाही. तेव्हा चूक नेमकी कुठे ते सांगावे, शुद्ध रूप समोर ठेवावे, आणि लेखणी मात्र त्याच्याच हातात राहू द्यावी. पुढचे लिहायचे आहे त्यालाच.