रक्तसंक्रमण, प्रमाद आणि हिंसा

रुग्णाला रक्त चढवताना अपाय झाला, तर त्यात हिंसा कोठून सुरू होते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे. मेळघाटातील रक्तक्षयाने खंगलेली गर्भवती अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात येवो, की अपघातातील जखमी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, रुग्णाचे नाव, रक्तगट व पिशवीचा क्रमांक दोघांनी पडताळणे, पहिली पंधरा मिनिटे रक्त संथ सोडून त्याच्याजवळ थांबणे आणि नाडी, ताप, रक्तदाब, श्वास नोंदवत राहणे अपेक्षित असते. कारण गट न जुळल्यास रुग्णाची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकांना प्रतिकार करणारी प्रथिने, आलेल्या तांबड्या पेशी फोडू लागतात, आणि थंडी, कंबरदुखी, लाल लघवी ही लक्षणे थोडेसे रक्त जाताच दिसू शकतात. बेशुद्ध रुग्णाला तर तेही सांगता येत नाही.

हिंसेची सर्वांत सूक्ष्म चिकित्सा जैन परंपरेने केली, आणि वऱ्हाडाला ती परकी नाही. कारंज्याच्या शास्त्रभांडारांतील पोथ्या उजेडात आणणारे डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि त्यांनी संपादित केलेल्या ‘षट्खंडागम’ या प्राचीन दिगंबर ग्रंथाचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहूनच निघाला. या परंपरेतील ‘तत्त्वार्थसूत्र’ हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे सावधानता सुटण्याशी, जोडते. कुंदकुंदाचार्य ‘प्रवचनसारा’त त्यापुढे जातात: सावध माणसाच्या हातून जीव गेला तरी तेवढ्याने त्याला हिंसेचा बंध, म्हणजे कर्माचे बंधन, लागत नाही, बेसावध मात्र कोणाला इजा न होताही हिंसेचा धनी ठरतो.

हा निकष कठोर आहे, तसाच दयाळूही. रुग्ण सुखरूप घरी गेला म्हणून न घेतलेल्या तापाची रकाने भरून केलेली नोंद निर्दोष ठरत नाही. उलट सर्व दक्षता घेऊनही प्रतिक्रिया उमटली आणि परिचारिकेने तत्काळ रक्त थांबवून रक्तपेढीला कळवले, तर ती दोषी नव्हे. २०१२ मध्ये देशात सुरू झालेला हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम, म्हणजे रक्तसंक्रमणातील अपायांची नोंद व छाननी करणारी व्यवस्था, अशा निर्भय कळवण्यावरच उभा आहे, आणि शिक्षेच्या धाकाने ते दडपले गेले की पुढच्या रुग्णाचा बळी जाऊ शकतो. मात्र रात्रपाळीत एकाच परिचारिकेवर सगळा कक्ष सोपवला असेल, तर तो प्रमाद तिचा नसून नेमणूक करणाऱ्यांचा आहे. रुग्णालय चालवणाऱ्यांनी किमान एवढे करावे: रक्त सुरू झाल्यापासूनची पहिली पंधरा मिनिटे त्या खाटेजवळच्या परिचारिकेला दुसरे कोणतेही काम सांगू नये.