हा नकार कोणाचा ?

भरल्या ताटावरून जो उठूं शकतो, त्याच्याविषयीं आम्हां लोकांस फार आदर वाटतो. एकादशी, चातुर्मास, अनशन या शब्दांवर आमचीं मनें वाढलेलीं. तेव्हां कमी खाणारा तो मोठ्या निग्रहाचा, असा हिशेब आम्ही नकळत मांडून बसतों. कांहीं वर्षांपूर्वीं हा हिशेब आमच्या अंगाशीं आला. बी. ए. च्या वर्गांत एक मुलगी होती. अतिशय अभ्यासू, अतिशय नीटनेटकी. ती डबा आणीत नसे, स्नेहसंमेलनाच्या फराळास हात लावीत नसे, आणि एप्रिलच्या उकाड्यांत शाल पांघरून बसे. तिच्या संयमाची आम्हीं साऱ्या वर्गापुढें वाखाणणी केली. शालीकडे मात्र आमचें लक्ष गेलें नाहीं. तीन महिन्यांनीं ती इस्पितळांत होती.

या व्याधीस वैद्यकांत अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा म्हणतात. १८७३ सालीं लंडनमध्यें सर विल्यम गल यांनीं व पॅरिसमध्यें डॉ. लासेग यांनीं तिचें वर्णन जवळजवळ एकाच सुमारास केलें. रूढ झालेलें नांव गल यांचें. नांव मात्र फसवें आहे. शब्दाचा अर्थ क्षुधा नसणें. वस्तुतः क्षुधा असते, ती नाकारलेली असते. नाकारतो कोण, हाच खरा प्रश्न.

मुलीचे वडील आमच्याकडे आले, तेव्हां आम्हीं त्यांस म्हटलें, “मुलगी बुद्धिमान आहे, समजावून सांगा.” सल्ला प्रामाणिक होता. विचार सुधारला कीं आचार सुधारतो, ही आम्हां पुस्तकी माणसांची जुनी श्रद्धा. वडिलांनीं समजाविलें, आई रडली, आजीनें शपथा घातल्या. मुलगी प्रत्येकास उत्तर देई, आणि तें उत्तर तर्कास धरून असे. आमच्या विषयांत तिला पहिला वर्ग मिळाला होता, हें येथें सांगितलें पाहिजे.

पुढें आमच्या वाचनांत मिनेसोटा विद्यापीठांतील प्रयोग आला. १९४४-४५ सालीं अँसेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. हे तरुण युद्धास तत्त्वतः विरोध करणारे, स्वखुशीनें आलेले, शरीरानें व मनानें खंबीर म्हणून निवडलेले. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें घटलें. त्यांना थंडी वाजूं लागली, हें समजण्यासारखें आहे. पण कोणी पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागला, कोणी एकेक घास चिवडीत बसूं लागला. मित्रांची सोबत नकोशी झाली, चित्त उदास व चिडखोर झालें. यांतील एकासही कृश होण्याची हौस नव्हती! म्हणजे ज्या गोष्टींस आम्ही रोग्याचा हट्ट म्हणून दोष देतों, त्यांतील पुष्कळशा उपाशी शरीराच्या असतात.

हें आपल्याकडे अगदींच अज्ञात होतें असेंही नाहीं. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आपल्या मुलास, श्वेतकेतूस, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहावयास सांगतो. त्यानंतर वेद म्हणावयास सांगितले, तर मुलास कांहींच आठवेना. बाप त्याच्याशीं वाद घालीत नाहीं. “जेवून ये” म्हणतो. जेवल्यावर सारें आठवतें. हा भाग आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला आहे.

मग नकार देणारी इच्छा त्या मुलीची, कीं तिच्या उपासमारीची? दुसरें खरें मानलें, तर तिला अन्न देणें म्हणजे तिच्या इच्छेवर आक्रमण नव्हे. ती इच्छा तिची तिला परत करणें होय. पण या युक्तिवादाची आम्हांस भीतिही वाटते. ‘तुझी इच्छा खरी तुझी नव्हे’ हें वाक्य आजवर पुष्कळ बायकांना पुष्कळांनीं ऐकविलें आहे. प्राणावर बेतलें असतां वैद्यांनीं निर्णय हातीं घ्यावा, इतकें आम्ही मान्य करितों. त्यापुढें तो जितका लौकर परत देतां येईल तितका द्यावा.

इस्पितळांत तिला कोणी उपदेश केला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटलें. पहिली गोष्ट ऊब. गल यांनीं रोग्याच्या पाठीच्या कण्याशीं ऊन पाण्यानें भरलेली रबरी नळी ठेवण्याचें सुचविलें होतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोमच्या उपचारपद्धतींतही जेवणानंतर उबदार खोलींत विश्रांति असे. त्या पद्धतीच्या यशाविषयीं वैद्यांत मतभेद आहेत. पण ऊब कोणास नको आहे? दुसरी गोष्ट अन्न, वेळच्या वेळीं व बेताबेतानें वाढविलेलें. कारण दीर्घ उपासानंतर एकाएकीं भरपूर खाऊं घातल्यास रक्तांतील क्षारांचें प्रमाण बिघडून जीव धोक्यांत येतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत नवी. हिल्ड ब्रुख या मानसवैद्य बाईंनीं दाखविलें होतें कीं, या रोग्यांस आपल्याच शरीराच्या खुणा ओळखतां येत नाहींत. भूक, तृप्ति, थकवा यांची सरमिसळ होते. म्हणून प्रकृति जरा सावरल्यावर एक फिजिओथेरपीच्या बाई तिला सतरंजीवर निजवून पाठ जमिनीस कोठें टेकते, श्वास कोठवर जातो, उभें राहिल्यावर भार कोणत्या तळव्यावर पडतो, एवढेंच विचारीत. योगासनेंही कांहीं ठिकाणीं योजतात. परंतु क्षीण झालेल्या हृदयास श्रम घातक, आणि या रोग्यांस व्यायामाचेंही वेड लागतें, म्हणून तीं वैद्यांच्या संमतीवांचून नकोत. भीतीविषयीं, घरच्या ताणांविषयीं बोलणेंही पुढें झालें, व तें आवश्यकच होतें. क्रम मात्र आमच्या सल्ल्याच्या अगदीं उलट.

गेल्या मार्गशीर्षांत ती आमच्या घरीं आली होती. पोह्यांची बशी तिनें सावकाश संपविली. म्हणाली, “सर, एकदां पोटांत कालवाकालव झाली. मला वाटलं, भीति वाटतेय. बाई म्हणाल्या, नीट पाहा, भीति आहे कीं भूक? भूक होती.” वर्गांत आम्हीं केलेली ती स्तुति तिला आठवते काय, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.