आज्ञेची पोच

व्हिडिओ स्विचरच्या पॅनेलवर बसणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते, असा बाहेरच्यांचा समज असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. एका बटणाने कॅमेरा बदलतो, दुसऱ्याने रेकॉर्डर चालू होतो, तिसऱ्याने वक्त्याचे नाव पडद्यावर उमटते. मात्र जी यंत्रे स्विचरच्या पेटीबाहेर आहेत, त्यांच्यावरचे नियंत्रण किती पराधीन असते, हे त्या खुर्चीवर बसल्याखेरीज कळत नाही.

बाहेरच्या यंत्रांशी होणाऱ्या जोडणीचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे जीपीआय. दोन तारा क्षणभर जुळतात आणि समोरच्या यंत्राला इशारा मिळतो, एवढेच. यंत्र चालू झाले की नाही, त्यात टेप होती की नव्हती, याचे उत्तर त्या तारांवरून येत नाही. आज्ञा दिली म्हणजे आपले काम संपले, असे मानणाऱ्या अधिकाऱ्याला ही व्यवस्था फार सोयीची वाटली असती.

व्हीटीआरच्या, म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या, काळात सोनीच्या नऊ पिनांच्या जोडणीने संवाद दुतर्फा केला. आरएस-४२२च्या तारांच्या एका जोडीतून आज्ञा जाई, दुसरीतून उत्तर येई. वेग सेकंदाला ३८,४०० बिट, आणि यंत्राने ९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर द्यावे असा नियम. पाल पद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे पुढची फ्रेम येण्याआधीच पोच हाती पडे. पण पोच म्हणजे पूर्ती नव्हे. टेपने वेग धरून स्टुडिओच्या सिंकशी जुळेपर्यंत काही सेकंद जात. म्हणून बहुधा ५ सेकंदांचा प्रीरोल ठेवीत. निवेदिकेचे वाक्य अजून अर्ध्यावर असताना, ते कधी संपेल याचा अदमास घेऊन ‘रोल’ म्हणावे लागे. ज्याला काम सांगायचे, त्याच्या तयारीचा वेळ आपल्या हिशेबात धरणे हा सांगणाऱ्याच्याच कर्तव्याचा भाग आहे. त्या यंत्रांच्या सहवासात मला हे पुरते पटले.

टॅलीचा प्रकार निराळा. ती आज्ञा नव्हे, वार्ता आहे. कॅमेरा प्रोग्रॅमवर, म्हणजे प्रक्षेपणात, गेला की त्यावर लाल दिवा लागतो. कॅमेरामन चौकट स्थिर ठेवतो, निवेदकाला कोठे पाहायचे ते कळते. टॅली नसली तरी प्रक्षेपण अडत नाही, प्रेक्षकाला काही उणे भासत नाही. म्हणूनच घाईच्या जोडणीत नेमकी हीच तार मागे राहते. मग आपण प्रक्षेपणात आहोत याची कल्पना नसलेला कॅमेरामन चौकट हलवतो आणि दोष त्याच्या माथी येतो. हे मी पाहिले आहे, आणि यंत्रशाळेबाहेर तर कितीतरी अधिक पाहिले आहे: ज्यांच्या जगण्यावर निर्णय लागू होतो, त्यांनाच तो सर्वांत शेवटी कळतो.

आता बराचसा व्यवहार ईथरनेटच्या एका तारेवर आला आहे. ब्लॅकमॅजिकच्या एटेम स्विचरमध्ये हायपरडेक या डिस्क रेकॉर्डरचा आयपी पत्ता भरला की कट करताच क्लिप आपोआप सुरू होऊ शकते. तरीही अशा रेकॉर्डरला प्रारंभी काही फ्रेम साठवून घ्याव्या लागतात. तेवढ्या फ्रेम स्विचर स्वतःचा कट थोपवून धरतो. हा विलंब सेटिंगमध्ये कमीअधिक करता येतो. नवी मुले तो दोष समजून शून्यावर आणू पाहतात. मी त्यांना आधी क्लिपच्या पहिल्या फ्रेम मॉनिटरवर नीट पाहायला सांगतो.