शब्द, इसार आणि सत्ता

व्यापाऱ्याने राजकारणात यावे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा हेटाळणीच्या सुरात विचारला जातो. जणू तागडी धरणाऱ्या हाताला न्याय कळतच नाही! महाभारतकारांस तसे वाटले नव्हते. शांतिपर्वात तपाचा गर्व झालेल्या जाजलीला धर्म शिकण्यासाठी जावे लागते ते काशीच्या तुलाधाराकडे, आणि तुलाधार हा दुकानदार आहे. आपली तागडी सर्व भूतांना सारखी, एवढेच त्याचे शास्त्र. तेव्हा खरा प्रश्न निराळा आहे. दुकानातली सचोटी सत्तास्थानी जशीच्या तशी पुरते काय?

गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या चरित्रात हा प्रश्न मोठ्या अवघड रूपाने उभा राहतो. पेडण्यात १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ खाणधंद्यात यशस्वी झाले आणि मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, मुख्यमंत्री झाले. पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा करूनही महाजनांच्या वहीत ज्याचे नाव चढले नाही, अशा समाजातून ते आले होते, हे देवस्थानांशी संबंधित अशा आमच्या वाचकांनी विसरू नये.

त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने मते मागितली ती गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करू, या शब्दावर. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. शब्द ३४,०२१ मतांनी पडला. आणि मार्च महिन्यात निवडणूक होऊन तीसांपैकी सोळा जागा पुन्हा त्याच पक्षाला मिळाल्या! जे राज्य वेगळे राहू नये म्हणून पक्ष जन्मला, त्याच राज्याचा कारभार त्याच्या हाती आला. हे नीतीला धरून झाले काय?

व्यापाराच्या नीतीने पाहिले तर उत्तर सोपे आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ५६ वे कलम सांगते की, करार केल्यानंतर ठरलेली गोष्ट अशक्य झाली, तर करार शून्य होतो. आणि ६५ वे कलम बजावते की, त्यापायी मिळालेला लाभ परत केला पाहिजे. माल देता येत नसेल तर इसार परत करावा, हे कोणत्याही पेठेत कायद्याच्या आधीपासून ठाऊक आहे. भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने कौलापूर्वीच, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा दिला होता व राष्ट्रपती राजवट आली होती. तो विरोधकांच्या आग्रहामुळे दिला गेला हे खरे. परंतु इसार परत झाला, आणि मार्चमध्ये लोकांनी नवी बोली केली.

वकिली बुद्धीला हे पटते. तरीही मन स्वस्थ होत नाही. कारण सत्ता हा करार नव्हे, तो न्यास आहे. दुकानदार एखाद्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवू शकतो. देवस्थानच्या वहिवाटदाराला ती मुभा नाही. ज्याने त्याच्याविरुद्ध मत दिले त्या महाजनाच्या घरचाही अभिषेक त्याने वेळेवर करविला पाहिजे. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले ते त्याचे मत विचारून नव्हे. (त्या कायद्याची झळ काही देवस्थानांनाही लागली, व त्याबद्दलची कुरकुर आम्ही कमी ऐकलेली नाही.) खेड्यापाड्यांत निघालेल्या प्राथमिक शाळांनीही बापाचा पक्ष पाहून मूल घेतले नाही. येथे तुलाधाराची तागडी सत्तेवरही चालली, असे आम्ही निःशंक म्हणू. मात्र खाणमालकाने स्वतःच्या थैलीतून दिलेले दान आणि मुख्यमंत्र्याने सरकारी तिजोरीतून दिलेली शाळा, या दोहोंबद्दल लोक त्याच एका माणसाचे उपकार मानत राहिले, आणि ती समजूत दूर करण्याची निकड सत्तेला कधीच वाटत नसते.

उरतात ते १,३८,१७० मतदार. त्यांना माल मिळाला नाही, हा कोणाचा दोष नव्हे. परंतु माल संपल्यावर प्रामाणिक दुकानदार निदान दारावरची पाटी बदलतो. कौलाला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटक राज्यही झाले. पक्षाच्या नावातील ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्द मात्र अजून तेथेच आहे.