फुप्फुसांसाठी मूलपेशी

‘स्टेम सेल’ हा विषय निघाला की आपल्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो, “ते ख्रिस्तसभेला चालत नाही ना?” ख्रिस्तसभेचा विरोध मूलपेशींना नाही, त्या मिळवण्यासाठी मानवी भ्रूण नष्ट करण्याला आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजात प्रौढांच्या शरीरातून किंवा बाळाच्या जन्मावेळी नाळेतील रक्तातून घेतलेल्या पेशींना हरकत नाही, असे म्हटले आहे.

न्यूमोनिया विकोपाला गेला की फुप्फुसांना सूज येते, हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत पाणी भरते आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. डॉक्टर याला ‘एआरडीएस’ म्हणतात. कोविडमध्ये आपण हे फार जवळून पाहिले. त्यावर तपासलेल्या पेशी बहुधा अस्थिमज्जेतल्या किंवा नाळेतल्या असतात. त्या नवे फुप्फुस घडवत नाहीत. थोड्या दिवसांत नाहीशा होतात, पण जाण्यापूर्वी दाह शमवणारी द्रव्ये सोडतील, अशी अपेक्षा असते.

म्हणजे आपण निश्चिंत झालो का? आम्हांला तसे वाटत नाही. अमेरिकेतील ६० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ४० जणांना पेशी दिल्या, २० जणांना पेशी नसलेला साधा द्राव. उपचार सुरक्षित वाटला. जीव अधिक वाचल्याचे दिसले नाही. कोविड रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत तर मृत्यू कमी होण्याची चिन्हे नसल्याने डिसेंबर २०२० मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडल्यास, मूलपेशी फक्त रीतसर चाचणीतच देता येतात.

पण आयसीयूबाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? त्याला कोणी म्हटले, “अमुक लाख भरा, स्टेम सेल देऊन पाहू,” तर तो जमीन विकायलाही तयार होईल. त्या पेशी नाळेतून आल्या, एवढ्याने तो व्यवहार शुद्ध ठरत नाही.

खरी चाचणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही बाप बेशुद्ध असतो आणि सही मुलाला करावी लागते. आपल्या माणसाच्या वाट्याला कदाचित साधा द्रावच येईल, लाभ झाला तर तो उद्याच्या एखाद्या अनोळखी रुग्णाला होईल, हे त्याला सहीच्या आधी, समजेल अशा मराठीत सांगितले गेले पाहिजे. आणि त्याने नकार दिला तरी बापाच्या सेवेत तसूभरही फरक पडणार नाही, हेही.