मासळीचें मोल कोणीं द्यावें?

समुद्र आपणांपासून दूर. तरी ज्यानें नांदेडास गोदावरीचा पूर पाहिला, त्यास ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या दर्यांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं ती पाण्यांत फेकली व होड्यांत माणसें घेतलीं.

जहाज वांचविण्यासाठीं एकाचा माल टाकला, तर जहाजाचे व उरलेल्या मालाचे धनी तो तोटा वांटून घेतात, असा दर्यावर्दी व्यापाराचा फार जुना कायदा आहे. कोळ्यांची मासळी मात्र दुसऱ्याच्या जहाजावरील परक्यांसाठीं गेली. ती कोणत्या हिशेबांत धरावी? पुण्याच्या खातीं लिहून मोकळें होणें सोपें. मला तें पटत नाहीं. कोळ्याच्या घरची चूल त्याच मासळीवर पेटते. वांचलेल्यांवर तें ऋण उरतेंच, तो मागो वा न मागो.