मीठ आणि ईमान

पहिल्या महायुद्धाची कारणे आपण शाळेत पाठ केली. साम्राज्यतृष्णा, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार आणि २८ जून १९१४ चा साराजेवोतील गोळीबार. उत्तर लिहिले, गुण मिळाले. राजांनी ज्यांना लढायला धाडले, त्यांच्या ईमानाचे काय झाले हे मात्र आपल्याला कोणी विचारले नाही.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून खलिफाच्या नावाने जिहाद पुकारला गेला. गंमत अशी की, पुकारणारे जर्मनी व ऑस्ट्रियाच्या ख्रिस्ती बादशहांचेच साथीदार होते. इकडे इंग्रजांनी ग्वाही दिली, अरबस्तानातील पवित्र स्थळांना धक्का लावणार नाही. जर्मनांनी तर बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या कैदी छावणीत मशीद उभारली. कैद्यांनी बाजू बदलावी म्हणून! दीन सगळ्यांच्याच दारूगोळ्यात जमा होता.

मधल्या मधे सापडला हिंदी शिपाई. मराठा पलटणींत आपले दख्खनी मुसलमानही होते. या पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या, उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेल्या. आपल्याकडील अनेक मशिदींत ज्या खलिफासाठी जुम्म्याला दुआ मागितली जाई, त्याच्याच फौजेवर बंदूक रोखायची. खाल्ल्या मिठाला जागायचे की ईमानाला?

मिठाला आम्ही हलके मानत नाही. गावी चूल त्या पगारावर पेटत होती. पण पगार घेणारा आपले हात विकतो, सदसद्विवेक नव्हे. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फंट्रीने बंड केले. तुर्कांविरुद्ध नेणार, ही अफवा त्यामागचे एक कारण होती. ४७ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांना हुतात्मे म्हणायला जीभ अडखळते, कारण त्यांच्या हातून निःशस्त्र माणसेही मेली. १९१६ मध्ये बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या स्वारांनी मात्र पुढे कूच करायला फक्त नकार दिला आणि शिक्षा भोगली. आम्हाला हे स्वार अधिक जवळचे वाटतात. शाळेच्या पुस्तकात ते नाहीत.

तिकडे शिपाई मरत असतानाच १९१६ मध्ये इंग्रज-फ्रेंचांनी अरब मुलूख नकाशावर वाटून घेतला. १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनामा आला. पॅलेस्टाईन त्याची किंमत अजून मोजतो आहे. खिलाफत तुर्कांनीच १९२४ मध्ये मोडीत काढली.

बसऱ्याला या मोहिमेतील मृतांचे स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची, मग तो शिंदे असो की शेख, पलटणवार फक्त संख्या.